सातवा रकाना

लुसाकात ऑक्टोबरमध्ये पत्र्यावर कुणी हात टेकवत नाही.
मी टेकवतो. पोटच त्यावर.
कन्यामाच्या आतल्या गल्लीत, बाना लुशोमोच्या घरावर
पत्रा उडू नये म्हणून ठेवलेले दगड
आणि एक फाटका टायर बाजूला सारतो,
पॅनेलला बसायला जागा करतो:
तोंड उत्तरेला, मान जराशी वर.
इथे सूर्य उत्तरेच्या अंगानं जातो.

खालून ती विचारते, "म्वीम्बा, पडणार नाहीस ना?"
शिलाई मशीन दारात आणून ठेवलंय तिनं,
पाहुण्यासमोर मूल उभं करावं तसं.

वर्षभर तिचा दिवस रात्री एकला सुरू झाला.
एक ते चार, एवढीच लाईट.
ती आली की गल्ली अंथरुणातून उठून बसायची.
कुणी इस्त्री, कुणी नशिमाचं पातेलं,
कुणी नुसताच पंखा लावून त्याच्याकडे बघत राहायचं.
ही युनिफॉर्मच्या कॉलरी शिवायची,
आणि पोरगी पायाशी, मोटरच्या घरघरीत,
सातवीचं गणित.
चार वाजता सुई अर्ध्या टाक्यात थांबायची.
उरलेला टाका ती चाक हातानं फिरवून पुरा करायची.
तेवढी तिची मिजास.

तळं आटलं, असं रेडिओ सांगतो.
मला रेडिओनं सांगायला नको.
करिबाचं धरण बांधलं तेव्हा
माझ्या आजोबांना ट्रकमध्ये चढवलं, शेरडांसकट,
आणि नदीपासून लांब, विहिरीलाही पाणी लागेना
अशा जागी उतरवलं.
म्हणाले, पाण्यातून उजेड येईल.
आला.
तारांवरून, आमच्या डोक्यांवरून, थेट खाणींकडे.
गेल्या वर्षी काठावर जाऊन आलो:
खडकांवर जुन्या पाण्याच्या रेषा, एकाखाली एक,
आणि तेव्हा बुडालेली झाडं पुन्हा उघडी,
पाय चिखलात रोवून,
जणू अजून त्यांचा ट्रक यायचाय.

सूर्यानं प्यायलं ते सगळं.
आता मी त्याच्यापुढे काच धरतो.
घेतलंस ना? दे परत. हप्त्यानं दे.
तीन दिवे, एक मशीन, एक मोबाईल.

संस्थेकडे पॅनेलं अकरा, यादीत नावं चौतीस.
कुणाचं नाव वर कसं गेलं, मला विचारू नका,
मी फक्त शिडी घेऊन जातो.
शेजारच्या सिकोता म्हाताऱ्याचं एकोणिसावं.
रात्री छाती भरते त्याची.
वाफेचं मशीन आहे, कपाटावर, प्लास्टिकच्या पिशवीत.
मी स्क्रू आवळत होतो तेव्हा तो अंगणातून बघत होता.
बोलला नाही काही.
टोपी काढली, परत घातली.

तीन आठवड्यांनी तपासणीला गेलो. फॉर्मला रकाने आठ.
पॅनेल स्वच्छ? हो, लुशोमो रोज ओल्या फडक्यानं पुसते.
बॅटरी? ठीक. पण पहाट बघत नाही, दोनलाच मान टाकते.
सातवा: गैरवापर आढळला का?

बॅटरीच्या खोक्यामागून एक पिवळी वायर,
सांध्यावर युनिफॉर्मची निळी चिंधी,
तीही शिवलेली, बारीक, सरळ टाक्यांनी.
खिडकीतून बाहेर,
भिंतीवर रोवलेल्या काचांमधून जपून वाट काढत
पलीकडे.

बाना लुशोमोनं मान वर केली नाही.
"रात्री दोनदा लागतं त्याला. दहा-दहा मिनिटं.
तेवढा वेळ मी हातानं शिवते."
मग, दोरा दातानं तोडून:
"काढायला लावशील?"

भिंतीपलीकडे कुणी खोकलं
आणि लगेच आवरतं घेतलं,
चोरी सापडल्यासारखं.

मी वायर नीट पाहिली.
सांधा उघडा होता. चिंधीवर भागणार नव्हतं,
पहिल्या पावसात पेटलं असतं घर.
पिशवीतून काळी टेप काढली, चार वेढे दिले, ओढून पाहिलं.
मग पेनाचं टोपण काढून
सातव्यात लिहिलं: नाही.
आठव्यात, इतर शेरा:
बॅटरी एक कमी पडते.